चादर-टॉवेल ऑनलाइन विकताना: घाऊक आणि किरकोळ एकाच गाळ्यातून, पण आधी काय आणि नंतर काय

सोलापूरच्या चादरी-टॉवेलवाल्यांकडून दोन तक्रारी हमखास येतात. पहिली: "ऑर्डरी भरपूर, पण खात्यात पैसा दिसत नाही." दुसरी: "हॉटेलवाल्याने माल उचलला, आता फोन उचलत नाही." दोन्हींच्या मुळाशी बहुतेक वेळा क्रमाची चूक असते. मोबाइलवर फोटो काढून माल आधी ऑनलाइन विक्रीच्या मंचावर (ॲमेझॉन-फ्लिपकार्टसारख्या) चढवला जातो आणि भाव, खोका, बिल, परतावा यांचा विचार ऑर्डर आल्यावर होतो. शिवाय घरगुती ग्राहक आणि दुकानदार-लॉजवाला या दोघांना एकाच पद्धतीने माल विकला जातो. माल तोच असला तरी व्यवहार वेगळा आहे. खाली उदाहरणं चादर-टॉवेलची आहेत, पण साड्या किंवा पितळी भांडी विकणाऱ्यालाही क्रम हाच लागेल.

टप्पा १. कागदपत्रं: सगळीकडे एकच नाव

पॅन, जीएसटी, बँक खातं आणि उद्यम नोंदणी (लहान उद्योगांची सरकारी नोंदणी) या चारही ठिकाणी नावाचं स्पेलिंग अक्षरन् अक्षर सारखं हवं. मंचावरची पडताळणी अडकते ती बहुधा इथेच. गाळा वडिलांच्या नावावर असेल तर जीएसटीसाठी त्यांचं संमतीपत्र आणि वीजबिल आधीच तयार ठेवा.

जीएसटी घ्यायचा की नाही? १ ऑक्टोबर २०२३ पासून लहान विक्रेत्याला नोंदणीशिवायही मंचावर माल विकता येतो. उलाढाल नोंदणीच्या मर्यादेत हवी (महाराष्ट्रात फक्त माल विकणाऱ्याला ४० लाख), जीएसटी पोर्टलवरून नावनोंदणी क्रमांक घ्यावा लागतो आणि माल राज्याबाहेर पाठवता येत नाही. कंपोझिशनवाल्यालाही (उलाढालीवर ठरावीक दराने सोपा जीएसटी भरणाऱ्यालाही) मंचावर विकायला परवानगी आहे, तीसुद्धा राज्यातल्या राज्यातच.

माझं मत विचाराल तर घाऊक गिऱ्हाईक हवं असेल त्याने सरळ नियमित नोंदणी घ्यावी. लॉजवाल्याला आणि दुकानदाराला इनपुट क्रेडिट लागतं, म्हणजे खरेदीत भरलेला जीएसटी स्वतःच्या करातून वजा करून हवा असतो. ते तुमच्या बिलावर मिळणार नसेल तर तो शेजारच्या कारखानदाराकडे जातो.

उद्यम नोंदणी फुकट आहे. सरकारी पोर्टलवर आधार आणि पॅन टाकून स्वतः करता येते, त्यासाठी एजंटला हजार-दोन हजार देऊ नका. मात्र ती पहिली घाऊक ऑर्डर घेण्याच्या आधी करा. थकलेल्या बिलांच्या वसुलीला ती कामी येते (टप्पा ७), पण नंतर घेतलेल्या नोंदणीवर जुन्या बिलांची वसुली मागायला गेलात तर वाद होतो.

सावधान: मंचाच्या गोदामात माल ठेवणार असाल तर ते गोदाम तुमच्या जीएसटीत व्यवसायाचं अतिरिक्त ठिकाण म्हणून जोडावं लागतं. भिवंडीचं गोदाम असेल तर काम एवढ्यावर भागतं. गोदाम हैदराबादला असेल तर तेलंगणाची वेगळी नोंदणी लागते. सेटिंगमधला एक पर्याय चुकून चालू राहतो आणि माल परराज्यातल्या गोदामासाठी मागवला जातो. म्हणून पहिल्याच दिवशी ते सेटिंग बघा.

टप्पा २. कोणता माल कुठे, हे आधी कागदावर

ही पायरी जवळजवळ सगळे गाळतात. तुमची चादर एखाद्या दुकानात आहे आणि तीच चादर, त्याच डिझाइनमध्ये, मंचावर त्याच्या विक्रीभावापेक्षा कमीत दिसते. गिऱ्हाईक दुकानातच मोबाइल काढून दाखवतं. दुकानदार तुमच्याशी भांडत बसत नाही, पुढची ऑर्डर देणं बंद करतो.

त्यामुळे आधीच वाटणी करा. दुकानांना जाणारी डिझाइनं मंचावर नकोत. मंचासाठी वेगळा रंगसंच किंवा वेगळं पॅकिंग ठेवा, उदाहरणार्थ दोन चादरींचा जोड. लॉज आणि हॉस्पिटलसाठी पांढरा किंवा एकरंगी माल, जो मंचावर तसाही कमी खपतो.

साठाही वेगळा मोजा. मंचावर ४० नग दाखवायचे आणि त्यातलेच ३० दुपारी दुकानदाराला द्यायचे, म्हणजे संध्याकाळी ऑर्डरी रद्द करण्याची पाळी येते. विक्रेत्याने रद्द केलेली ऑर्डर त्याच्या गुणांकनात धरली जाते आणि माल शोधात खाली जातो.

टप्पा ३. खोका आणि वजन, भावाच्या आधी

चादर हलकी असली तरी फुगलेली असते, आणि कुरिअर फुगवट्याचे पैसे घेतं. रीत अशी: लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये मोजा, गुणाकार करा आणि ५००० ने भागा. आलेला आकडा म्हणजे किलोतलं आकारमानी वजन. काही कंपन्या ४५०० ने भागतात, हे करारात बघा. प्रत्यक्ष वजन आणि हे वजन यांतलं जे जास्त, त्यावर भाडं लागतं.

एक सिंगल चादर सैल घडी घालून ३५ × २८ × ८ सेंटिमीटरच्या पाकिटात ठेवली तर ७८४० भागिले ५०००, म्हणजे १.५७ किलो. तीच चादर घट्ट घडी घालून, हवा दाबून काढून ५ सेंटिमीटर उंचीत बसवली की ०.९८ किलो. आता चादरीचं खरं वजन ९५० ग्रॅम असेल तर पहिल्या पाकिटाला दीड किलोच्याही वरचा दर लागतो आणि दुसऱ्याला एक किलोचा. फरक फक्त घडीचा.

तपासा:
- माल भरून, पट्टी मारून झाल्यावर मोजलं का? रिकामं पाकीट मोजून उपयोग नाही, भरल्यावर मधोमध फुगतं.
- काट्यावर ठेवलेल्या पाकिटाचा आणि शेजारी धरलेल्या मोजपट्टीचा फोटो काढून ठेवला का? वजनाचा वाद झाला की मंच हाच पुरावा मागतो.
- पावसाळ्यात आत प्लॅस्टिकची पिशवी घातली का? सुती माल ओला पोहोचला की परत येतो, आणि त्याला वास लागलेला असतो.

टप्पा ४. भाव: परत येणाऱ्या मालासकट

चादर-टॉवेलवर २२ सप्टेंबर २०२५ पासून नगामागे २५०० रुपयांपर्यंत ५ टक्के जीएसटी आहे, त्याहून महाग नगावर १८ टक्के. मंचावरचा भाव करासकट असतो, म्हणून पहिल्यांदा कर वजा करा. ६९९ चे ६६५.७१ होतात. बरेच जण ६९९ वरच नफा मोजतात आणि पहिली तेहतीस रुपयांची चूक तिथेच होते.

आता दहा ऑर्डरींचा हिशेब मांडू. आकडे मांडणी दाखवण्यापुरते आहेत, तुमचे तुम्ही घाला. चादर पडते ३८० ला. पाकीट-पट्टी १५. मंचाची सगळी वजावट भाड्यासकट १३०. वरवरचा हिशेब म्हणतो: ६६६ मधून ५२५ गेले, नगामागे १४० सुटले.

पण दहातल्या दोन परत आल्या. विकल्या गेल्या आठ, जमा ५३२६ रुपये. खर्च असा:
- आठ चादरी: ३०४०
- परत आलेल्या दोनपैकी एक मळलेली, अर्ध्या भावात काढली: तोटा १९०
- दहा पाकिटं: १५०
- आठ विक्रींवर वजावट: १०४०
- दोन परतीचं जाण्या-येण्याचं भाडं, प्रत्येकी १४०: २८०
- जाहिरात: २००

एकूण ४९००. उरले ४२६. आठांनी भागलं तर नगामागे ५३ रुपये. यातून पॅकिंग करणाऱ्या मुलाचा पगार आणि गाळ्याचं वीजबिल अजून द्यायचं आहे. परतीचं प्रमाण दहाला तीन झालं तर काय होईल, हे स्वतः मांडून बघा आणि मगच सेलमध्ये भाग घ्यायचा की नाही ते ठरवा. सेलमध्ये ६९९ ची चादर ५९९ ला लावायला मंच गळ घालतो. या हिशेबात तिथे प्रत्येक विक्रीला पदरचे पैसे जातात.

घरपोच रोखीचा (कॅश ऑन डिलिव्हरीचा) पर्याय चालू ठेवलात तर दारातून परत फिरणारे नग वाढतात. सुरुवातीला तो बंद ठेवता येत असेल तर ठेवा. स्वतःच्या वेबसाइटवर आगाऊ पैसे भरणाऱ्याला थोडी सूट देणं यापेक्षा स्वस्त पडतं.

घाऊक भावपत्रक वेगळं करा आणि ते करावेगळं लिहा: १२ नगांना एक भाव, ५० ला दुसरा, २०० च्या वर तिसरा. भाडं कोणाकडे, हे त्याच ओळीत. "भाव फोनवर बोलू" असं लिहिलेल्या पत्रकाला खरा खरेदीदार उत्तर देत नाही.

टप्पा ५. माल मंचावर चढवणं

फोटो दिवसाउजेडी, खिडकीजवळ. ट्यूबलाइटखाली मरून रंग विटकरी दिसतो आणि "रंग वेगळा निघाला" म्हणून चादर परत येते. फिल्टर नको. एक फोटो पलंगावर पसरलेल्या चादरीचा हवाच. नुसतं ६० × ९० इंच लिहून ती आपल्या पलंगाला पुरेल का हे कोणाला कळत नाही. डबलबेडला पुरणार नसेल तर तसं स्पष्ट लिहा. पहिल्या धुण्यात किती आटते, टॉवेलची लव सुरुवातीला निघते का, रंग वेगळा धुवायचा का, हेही लिहा. विक्री कमी होईल ही भीती सोडा, परत येणारा माल कमी होतो.

किरकोळ पॅकवर उत्पादकाचं नाव-पत्ता, वस्तूचं नाव, नग, माप, उत्पादनाचा महिना-वर्ष, सर्व करांसहित कमाल किंमत, ग्राहकसेवेचा संपर्क आणि मूळ देश हे छापलेलं लागतं. वैधमापनशास्त्राच्या पॅकबंद वस्तूंच्या नियमांनुसार, महिना-वर्ष वगळता, हीच माहिती मंचावरच्या पानावरही दिसली पाहिजे. लॉज किंवा हॉस्पिटल स्वतःच्या वापरासाठी तुमच्याकडून थेट घेत असेल तर त्या पॅकवर "किरकोळ विक्रीसाठी नाही" असं छापा. दुकानदाराला देताना मात्र किरकोळचंच लेबल हवं, कारण तो पुढे ग्राहकाला विकणार.

सावधान: "सोलापुरी चादर" आणि सोलापूरचा टेरी टॉवेल या दोन्हींना भौगोलिक मानांकन (जीआय) आहे. त्याचा अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद नसेल तर मानांकनाचं चिन्ह फोटोवर चिकटवू नका. आणि सूत मिश्र असेल तर "शंभर टक्के कॉटन" लिहू नका. धागा जाळून बघणारी गिऱ्हाइकं आहेत, आणि ती व्हिडिओही टाकतात.

टप्पा ६. किरकोळ ऑर्डर पाठवणं आणि परत घेणं

पाठवताना मंचाचं लेबल आणि आतलं बिल एकाच ऑर्डरचं आहे ना, एवढं बघा. दिवसाला तीसेक पाकिटं झाली की अदलाबदल सुरू होते. पॅकिंगच्या टेबलावर एका वेळी एकच ऑर्डर ठेवली की ती थांबते. प्रत्येक चादरीला छोटा कापडी किंवा कागदी टॅग शिवून घ्या, त्यावर तुमचा क्रमांक. टॅग काढला तर माल परत घेतला जाणार नाही, हे पानावर लिहा. सदोष मालाला मात्र ही अट लावू नका. ग्राहक संरक्षणाच्या २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार सदोष किंवा वर्णनापेक्षा वेगळा माल परत घ्यायला नकार देता येत नाही. तक्रारीची पोच ४८ तासांत द्यायची आणि तिचा निकाल महिन्याभरात लावायचा, हेही त्याच नियमांत आहे. तक्रार कोणाकडे करायची त्याचं नाव आणि संपर्क जाहीर असावा लागतो. घरचाच माणूस चालेल, पण फोन उचलणारा हवा.

परतीचं पाकीट आलं की हातातलं काम सोडून त्याचा व्हिडिओ काढा. आधी बंद पाकिटावरचं लेबल, मग कापणं, मग आतला माल उलटसुलट, सगळं एका दमात, मध्ये न थांबवता. चादरीऐवजी जुनं बेडशीट निघतं तेव्हा हाच व्हिडिओ कामी येतो. मंचाकडे दावा करायची मुदत थोड्या दिवसांची असते. "रविवारी सगळी पाकिटं उघडू" म्हणणाऱ्यांचे दावे मुदतीतच बसत नाहीत.

टप्पा ७. घाऊक ऑर्डर

इंडियामार्टसारख्या घाऊक व्यवहाराच्या साइटवर येते ती चौकशी. तिची ऑर्डर करायचं काम तुमचं. क्रम असा ठेवा.

पहिलं, समोरच्याचा जीएसटी क्रमांक मागा आणि पोर्टलवर टाकून बघा. नोंदणी चालू आहे का, नाव आणि पत्ता बोलण्याशी जुळतो का. एका मिनिटाचं काम आहे.

दुसरं, माल नेमका ठरवा. हॉटेलवाला टॉवेलचा जीएसएम विचारतो, म्हणजे एका चौरस मीटरचं ग्रॅममधलं वजन. ३० × ६० इंचाचा टॉवेल म्हणजे ७६ × १५२ सेंटिमीटर, साधारण १.१५५ चौरस मीटर. ४५० जीएसएम हवा असेल तर एक टॉवेल ५२० ग्रॅमच्या आसपास भरला पाहिजे, डझन सव्वासहा किलो. डझनाचं वजन करून बघा. पाच किलो भरला तर तुम्ही ३६० चा माल ४५० म्हणून विकताय, आणि हॉटेलच्या खरेदीवाल्याकडेही काटा असतो. वजनात कमीजास्त किती चालेल, ते कोटेशनमध्येच लिहा.

तिसरं, नमुना. दोन सारखे नग घ्या, दोन्हींवर दोघांच्या सह्या, एक त्यांच्याकडे, एक तुमच्याकडे. रंगाचा वाद पुढे फोनवरच्या फोटोवरून सोडवायला लागलात तर हरलात.

चौथं, लेखी ऑर्डर. व्हॉट्सॲपवर "पाठवा २०० नग" एवढं पुरत नाही. माल, नग, भाव, कर, भाडं, पोहोचवायची तारीख, आगाऊ किती, बाकी किती दिवसांत, हे त्यांच्या ईमेलवरून किंवा लेटरहेडवर यायला हवं. नवीन गिऱ्हाइकाकडून सूत विकत घेण्यापुरता तरी आगाऊ घ्या.

सावधान: लष्कराच्या कँटीनसाठी किंवा मोठ्या संस्थेसाठी माल हवाय असं सांगून, "पैसे पाठवतो, क्यूआर स्कॅन करा" म्हणणारा माणूस चोर आहे. पैसे घ्यायला यूपीआयचा पिन कधीच लागत नाही. पैसे भरल्याचा स्क्रीनशॉट म्हणजे पैसे नव्हेत. बँकेच्या खात्यात जमा दिसल्याशिवाय मालाची गाठ बांधू नका.

पाचवं, बिल. बिल कोणाच्या नावाने आणि माल कुठे, हे दोन वेगळे प्रश्न विचारा. हैदराबादच्या कंपनीने २०० टॉवेल तिच्या पुण्याच्या गेस्टहाउसवर पाठवायला सांगितले आणि बिल हैदराबादच्या जीएसटी क्रमांकावर मागितलं, तर माल महाराष्ट्राबाहेर गेला नाही तरी आयजीएसटी (आंतरराज्य विक्रीचा जीएसटी) लागतो. पुण्याच्या शाखेचा वेगळा क्रमांक असेल आणि बिल त्यावर हवं असेल, तर सीजीएसटी-एसजीएसटी (राज्यातल्या विक्रीचा, केंद्र आणि राज्यात वाटला जाणारा जीएसटी). आधी विचारलं नाही की बिल बदलावं लागतं आणि ते बदलेपर्यंत पैसे अडकतात. बिलावर त्यांचा ऑर्डर क्रमांक आणि तुमचा उद्यम क्रमांक छापा.

सहावं, वाहतूक. परराज्यात ५० हजारांच्या वरच्या मालाला ई-वे बिल (मालवाहतुकीचा ऑनलाइन परवाना) लागतं, महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात एक लाखाच्या वर. रक्कम करासकट धरायची. ट्रान्सपोर्टवाल्याकडे गाठ दिली की बिल्टी (मालाची पावती) लगेच घ्या आणि तिच्यावर "पेड" (भाडं भरलेलं) आहे की "टू-पे" (भाडं माल घेणाऱ्याने द्यायचं) ते वाचा. भाडं तुमच्याकडे ठरलेलं असताना "टू-पे" पडलं तर समोरचा गाठ सोडवतच नाही, आणि ती गोदामात पडून राहते. पोच मिळाली की शिक्क्याचा फोटो मागवून फाइलला लावा.

सातवं, वसुली. उद्यम नोंदलेल्या सूक्ष्म किंवा लघु उत्पादकाचे पैसे लेखी करार असेल तर त्यातल्या मुदतीत, पण जास्तीत जास्त ४५ दिवसांत, आणि करार नसेल तर १५ दिवसांत द्यावे लागतात. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट, दरमहा चक्रवाढ व्याज लागतं. मुदत उलटवणाऱ्याला त्या खरेदीची आयकरातली वजावटही पैसे देईपर्यंत मिळत नाही. त्यामुळे मार्च महिन्यात अकाउंट्सवाल्याला फोन केला की तो पटकन ऐकतो. नुसती खरेदी-विक्री करणाऱ्या व्यापाऱ्याला हे संरक्षण नाही, स्वतःचे माग असणाऱ्याला आहे. अगदीच अडलं तर लहान उद्योगांच्या थकलेल्या पैशांसाठीच्या सरकारी पोर्टलवर अर्ज करता येतो, पण तिथे पोच, ऑर्डर आणि बिल हे तिन्ही कागद लागतात.

टप्पा ८. महिनाअखेर

घाऊक बिलं वेळेत जीएसटीआर-१ मध्ये (विक्रीच्या विवरणपत्रात) गेली पाहिजेत: दरमहा भरणाऱ्याने पुढच्या महिन्याच्या ११ तारखेपर्यंत, तिमाहीवाल्याने १३ पर्यंत, पोर्टलवरच्या बिलं चढवायच्या सुविधेतून (आयएफएफ). बिल तिथे दिसलं नाही की खरेदीदाराचं क्रेडिट अडकतं, आणि त्या निमित्ताने तुमचं पेमेंटही.

मंचाचा हिशेब ऑर्डरनिहाय उतरवून घ्या आणि बँकेत आलेल्या रकमेशी जुळवा. वजनाच्या नावाखाली जादा कापलेलं भाडं, परत आल्याची नोंद आहे पण गाळ्यात पोहोचलेलाच नाही असा माल, आणि दोनदा लागलेली वजावट, या तीन गोष्टी शोधा. मंचाच्या कमिशनच्या बिलावर तुमचा जीएसटी क्रमांक आहे ना ते बघा. त्यावरच्या १८ टक्क्यांचं क्रेडिट तुमचं आहे.

मंच तुमच्या निव्वळ करपात्र विक्रीवर ०.५ टक्के टीसीएस (मंचाने आगाऊ गोळा केलेला जीएसटी) कापतो, दहा लाखांच्या विक्रीवर पाच हजार. ही रक्कम आपोआप मिळत नाही. जीएसटी पोर्टलवर टीडीएस-टीसीएस क्रेडिटच्या पानावर जाऊन ती स्वीकारावी लागते, तेव्हा रोख खातेवहीत जमा होते. आयकराचा ०.१ टक्का टीडीएस वेगळा कापला जातो, तो विवरणपत्रात मागायचा. तुमच्या सीएला विचारा, मागच्या महिन्यांचं टीसीएस स्वीकारलं आहे का. बऱ्याच गाळ्यांचं तिथे तसंच पडून आहे.